गुठळीची बाजू घेणाऱ्या बाई

बाईंसमोर रक्ताच्या गुठळीला नावं ठेवलेली चालत नसत. बाहेरून कुणी पाहुणा आला आणि बोलता बोलता "ही जीवघेणी गुठळी" असं काही म्हणाला, की बाई हातातला चहाचा कप खाली ठेवायच्या.

"जीवघेणी कुणाला म्हणायलात?" त्या विचारायच्या. "लहानपणी सायकलवरून पडला असाल की कधीतरी. गुडघा फुटला असंल. मग आज इथं बसून चहा कसा काय प्यायलात?"

पाहुणा हसायचा. बाई हसायच्या नाहीत. "मदतीला धावून आलेली असते ती. कधी कधी चुकीच्या घरात शिरते, एवढंच."

आणि असं बोलणाऱ्या या बाईंचं सगळं आयुष्य गुठळ्या विरघळवायचा मार्ग शोधण्यात चाललं होतं.

आमची कंपनी चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात, मुख्य रस्त्यापासून आत एका गल्लीत होती. एका अंगाला पत्रा कापून गाड्यांचे भाग ठोकणारं प्रेस शॉप, दुसऱ्या अंगाला पावडर कोटिंगचं शेड, आणि मध्ये आमची पांढरी दुमजली इमारत. प्रेसचा दणका बसला की आमच्या टेबलावरच्या काचेच्या नळ्या बारीक किणकिणायच्या. गल्लीतल्या लोकांची समजूत होती, की इथे सलाईनच्या बाटल्या भरतात. मी भोसरीत वाढलेली, वडील तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये फिटर, त्यामुळे तो दणका मला घरच्यासारखा वाटायचा. बायोटेक्नॉलॉजीत एम. एस्सी. करून मी या कंपनीत लागले आणि बाईंच्या हाताखाली आले.

त्यांना मॅडम म्हटलेलं आवडायचं नाही. "मॅडम साडीच्या दुकानात म्हणतात," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. त्या मूळच्या मराठवाड्यातल्या. बरीच वर्षं परदेशातल्या प्रयोगशाळांत काढून आलेल्या, पण बोलण्यातलं 'करायलीस' आणि 'बघायलास' तसंच्या तसं परत घेऊन आलेल्या. सुती साडी, पायात पळायचे बूट, पांढरा कोट, आणि केसांच्या अंबाड्यात खोचलेलं मार्कर पेन. ते पेन त्या दिवसभर शोधत असायच्या.

मुलाखतीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता. "रक्त गोठतं ते चांगलं का वाईट?"

मी पाठ केलेलं सगळं विसरले. म्हणाले, "कुठे गोठतंय त्यावर आहे."

"कधीपासून येतीस?" त्या म्हणाल्या.

पहिल्या आठवड्यात त्यांनी मला समोर बसवलं. "आपण इथं काय करायलोत ते सांग. मला नको सांगू. मी एसटीत तुझ्या शेजारी बसलेली बाई आहे. लेकीकडं चालले. मांडीवर पिशवी आहे. सांग."

ही त्यांची खोडच होती. कितीही मोठा निकाल असो, आधी तो एसटीतल्या बाईला सांगायचा. तिला कळला नाही, तर तो आपल्यालाच कळलेला नाही.

मी सुरुवात केली. "काकू, हृदयाच्या किंवा मेंदूच्या शिरेत गुठळी अडकली, की ती विरघळवायचं औषध देतात. पण ते औषध अंगभर फिरतं. नको तिथल्याही गुठळ्या सोडवतं. मग माणूस गुठळीतून वाचतो आणि आतल्या आत रक्त वाहून जातो."

"अरे देवा," बाई एसटीतल्या बाईच्या आवाजात म्हणाल्या. "मग तुम्ही काय करता पोरी?"

"आम्ही त्या औषधाला वाटाड्या देतो. अँटीबॉडी."

"म्हंजे काय?"

"गलोलीचं बेचकं असतं ना, तसा आकार. वरच्या दोन टोकांनी ते गुठळीचं जाळं धरतं, दुसरं काही धरत नाही. खालच्या मुठीला आम्ही औषध बांधतो. म्हणजे औषध गुठळीपाशीच पोचतं."

"हे बेचकं आणता कुठून?"

"उंदराकडून. माणसाची गुठळी उंदराच्या अंगात टोचली, की ती त्याला परकी वाटते आणि तो तिला धरणारी बेचकी बनवतो. पण तेच बेचकं माणसाला दिलं, तर माणसाचं शरीर म्हणतं, हा उंदराचा माल कुठून आला? आणि बाहेर काढतं. म्हणून आम्ही टोकं तेवढी उंदराची ठेवतो, आणि बाकीचं बेचकं माणसाचं जोडतो."

बाईंनी दोन बोटांचं बेचकं करून बघितलं. मग म्हणाल्या, "म्हंजे नरसिंहच की गं."

"हो, पण पंजे उंदराचे."

त्या एवढ्या मोठ्याने हसल्या, की पलीकडच्या खोलीतली मुलं डोकावून गेली. पुढे आमच्या प्रयोगशाळेत त्या जोडबेचक्याला कायमचं 'नरसिंह' हेच नाव पडलं. शास्त्राच्या पुस्तकात अँटीबॉडीला 'प्रतिपिंड' म्हणतात, पण तो शब्द त्या उच्चारू द्यायच्या नाहीत. "पिंड म्हटलं, की मला कावळा दिसतो," असं त्यांचं म्हणणं.

वाकडच्या उंच इमारतींमध्ये कंपनी त्यांना फ्लॅट द्यायला तयार होती. त्या राहिल्या कुरुळीत, एका जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत. घरमालकीणबाईंच्या गोठ्यात म्हैस व्यायली, की पहिला चीक बाईंकडे यायचा, आणि दुसऱ्या दिवशी डबाभर खरवस प्रयोगशाळेत. "खा," त्या म्हणायच्या, "सगळ्या अँटीबॉडीच आहेत. शिजवून मारल्यात, पण चव राहिली." घरमालकीणबाई मला एकदा म्हणाल्या होत्या, "तुमच्या बाई लई शिकल्याल्या हायेत म्हनं. पर आमच्या म्हशीसंगं गुडघ्यावर बसून बोलत्यात. आमी न्हाई बा असं कुनी पायलं."

त्यांची सगळ्यात विचित्र सवय मात्र दुपारच्या फेरीची होती. जेवण झालं, की त्या गल्लीतून एक चक्कर मारायच्या आणि भेटेल त्या कामगाराला म्हणायच्या, "दाखव बोट." पत्र्याचं काम म्हणजे बोटं कापलेली असायचीच. बाई ते बोट उन्हात धरायच्या, खपली निरखायच्या आणि सांगायच्या, "परवाची." किंवा, "ही आज सकाळची. आणि तू ती खाजवलीस." चुकायच्या नाहीत. नवी मुलं पहिल्यांदा बावरायची, मग त्यांना गंमत वाटायला लागली. कुणाला लागलं, की शेजारचा ओरडायचा, "भावा, बाईंना दाखव!" गल्लीतले बरेच लोक त्यांना नावाने नाही, खपलीने ओळखीचे होते.

या सगळ्यामागे काहीतरी दुःख असणार, असं आमच्यात बोललं जायचं. वडील हार्ट अॅटॅकने गेले असतील, नाहीतर भाऊ. एकदा चहाच्या वेळी मी धीर करून विचारलं.

"कुणी गेलं नाही," बाई म्हणाल्या. "वडील नव्वदीला आलेत. अजून शेतावर जाऊन गड्यांशी भांडतात. प्रत्येक कामामागं कुणीतरी मेलंच पाहिजे का गं? मला गुठळी आवडते. बघत राहावं वाटतं. बास."

आणि त्या खरंच बघत राहायच्या. सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा थेंब गोठायला लागला, की आम्ही आकडे घ्यायच्या गडबडीत असायचो. बाई हात मागे बांधून पडद्यासमोर उभ्या राहायच्या. आधी काहीच नसतं. मग कडेला एक धागा. मग दुसरा. मग एका क्षणी, कुणी हाक मारल्यासारखं, सगळीकडून जाळं उभं राहतं. दर वेळी त्यांच्या तोंडून हलकेच "आलं" असा शब्द निघायचा. हे त्यांनी शेकडो वेळा पाहिलं असणार. तरी त्यांचा चेहरा पहिल्यांदा बघणाऱ्यासारखा व्हायचा. मी कामाला लागले तेव्हा मला पगाराची काळजी होती. त्यांचा तो चेहरा पाहून मला पहिल्यांदा वाटलं, की आपण कुठल्यातरी मोठ्या गोष्टीच्या दारात उभे आहोत.

आमचा नरसिंह चांगला निघाला होता. बशीत निघाला, नळीत निघाला. मग उंदरांच्या मोठ्या जातीवर, ज्यांना आम्ही रॅट म्हणतो, त्यांच्यावर तपासायची वेळ आली. भूल दिलेल्या रॅटच्या मानेतल्या शिरेत गुठळी होती आणि चमकणाऱ्या रंगामुळे ती पडद्यावर दिसत होती. औषध सोडलं. गुठळीच्या कडा खाल्ल्यासारख्या मागे सरकल्या आणि बघता बघता शीर मोकळी झाली. कुणीतरी टाळी वाजवली. कंपनीचे संचालक स्वतः खाली आले होते. त्यांनी बाईंपुढे हात केला.

बाईंचं लक्ष पडद्याकडे नव्हतंच. त्या रॅटच्या शेपटीकडे बघत होत्या.

आदल्या दिवशी त्यांनी आमच्या आखणीत नसलेली एक गोष्ट करायला लावली होती. शेपटीला बारीकशी चीर द्यायची, ती सुकू द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी औषध द्यायचं. हे कशाला, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "ज्या माणसाला अॅटॅक येतो, त्याच्या अंगावर एकही जखम नसते का? कालच दाढ काढलेली नसते? पोटात अल्सर नसतो?"

त्या सुकलेल्या चिरेतून आता रक्त येत होतं. थेंब, मग आणखी एक थेंब.

टाळी थांबली.

"जुन्या औषधानं याच्यापेक्षा जास्त वाहतं ना, मॅडम?" संचालकांनी विचारलं. ते वाईट माणूस नव्हते. घर गहाण ठेवून त्यांनी ही कंपनी काढली होती आणि बाईंना शोधून त्यांनीच आणलं होतं.

"व्हय. जास्त वाहतं."

"म्हणजे आपलं कमी वाहतंय."

"कमी वाहायलंय."

"मग?"

"मग कमी वाहायलंय," बाई म्हणाल्या. "थांबलेलं रक्त आपण पुन्हा चालू केलं, साहेब. कमी का होईना. नरसिंह नीट पोचतोय, पण त्याला कुठली गुठळी मारायची आणि कुठली सोडायची, हे कळेना झालंय. तो दोन्हीला धरतोय. जाळं तर दोन्हीकडं सारखंच."

त्यानंतर बऱ्याच बैठका झाल्या. आम्हाला आतलं सगळं कळत नसे, पण काचेतून दिसायचं. संचालक हातवारे करत बोलत असायचे. बाई टेबलावर दोन्ही तळहात ठेवून बसलेल्या असायच्या. शेवटी ठरलं ते असं: जे आहे ते पुढे न्यायचं, माणसांवरच्या चाचणीची तयारी करायची, रक्तस्रावाचं नंतर बघू. बाई म्हणाल्या, "न्या. मला त्यात धरू नका." संचालकांनी समोरचे कागद गोळा केले. मग म्हणाले, "पुढच्या बोर्ड मीटिंगपर्यंत थांबतो. तोवर दुसरं काही दाखवा. नाही दाखवलं, तर मला हेच न्यावं लागेल. नाहीतर इथल्या सगळ्यांना घरी पाठवावं लागेल."

बाई कामाला लागल्या. जखमेवरची गुठळी आणि शिरेत अडकलेली गुठळी, या दोघींमध्ये काहीतरी फरक असलाच पाहिजे, असं त्या म्हणत राहिल्या. एका गुठळीत अमुक जास्त, दुसरीत तमुक कमी. आम्ही एकामागून एक सगळं मोजलं. फरक सापडायचा, पण एवढा पुसट, की नरसिंहाच्या बोटांना तो कळलाच नसता. मीटिंग जवळ येत चालली होती. आमच्यातली दोघं दुसरीकडे मुलाखती देऊन आली. बाईंनी त्यांना रजा दिली, वर शिफारसही केली. मला त्या दिवसांत त्यांचा राग यायचा. एवढ्या शांतपणे ही बाई सगळ्यांना बुडवायला निघालीय, असं वाटायचं.

अशाच एका दुपारी फेरी मारताना प्रेस शॉपच्या गेटातून आरडाओरडा ऐकू आला. मी बाईंबरोबर होते. आतून दोघं तिघं एका मुलाला धरून बाहेर आणत होते. बालाजी. परभणीकडचा, हसरा, बाईंच्या गावाकडचा म्हणून त्यांचा लाडका. पत्र्याची कड त्याचा हात कोपराखाली कापून गेली होती, खोल. बनियनपासून पँटपर्यंत रक्तच रक्त. कुणी हळद शोधत होतं, कुणी फडकं.

बाई धावल्या. बुटांचा उपयोग मी त्या दिवशी पाहिला. त्यांनी खांद्यावरच्या झोळीतून जेवणाचा धुतलेला नॅपकिन काढला, घडी घालून जखमेवर ठेवला, आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. "गाडी आणा. हा हात वर धरा. मी सोडणार नाही, तसंच बसवा मला."

कंपनीच्या जीपमध्ये मागच्या सीटवर बालाजी, त्याच्याशेजारी जखम दाबून धरलेल्या बाई, आणि समोर मी. चाकणच्या चौकात नेहमीसारखी कोंडी. कंटेनर, ट्रेलर, दुचाक्या, काही हलेना. ड्रायव्हर खाली उतरून लोकांना हात जोडत होता. बालाजी पांढरा पडला होता. ओठ थरथरत होते.

"बाई, मी मरायलोय का?"

"नाही रे लेकरा," बाई म्हणाल्या. "तू गोठायलास."

तो त्यांच्याकडे बघत राहिला. मीही.

"डोळे मिटू नको. माझ्याकडं बघ. तुझ्या हातात आत्ता काय चालू आहे सांगते. शीर फाटली ना, की आधी ती स्वतःच आक्रसून घेते. ते झालंय. आता बारक्या बारक्या पेशी यायल्यात. रक्तात फिरतच असतात, गस्त घातल्यासारख्या. त्यांना फाटलेली कड दिसली. एक चिकटली. तिनं हाका मारल्या. अजून आल्या. एकमेकींचे हात धरायल्यात बघ."

"व्हय बाई?"

"व्हय तर. आता जाळं विणायला सुरुवात झाली. तुला कुणी सांगितलं नाही, तू कुणाला सांगितलं नाहीस, तरी लाखो धागे विणायलेत. माझे हात नुसते वरून दाबून धरलेत. काम तुझंच रक्त करायलंय. किती शहाणं आहे बघ."

बालाजीचा श्वास हळूहळू खाली बसला. कोंडी सुटेपर्यंत त्या बोलत राहिल्या. आवाज एकदाही चढला नाही. ज्या गोष्टी त्या पडद्यासमोर हात मागे बांधून बघायच्या, त्याच आता त्या बोटांखाली बघत होत्या, डोळ्यांनी न बघता. बाहेर हॉर्न वाजत होते. जीपमध्ये रक्ताचा वास होता. आणि मला, का कोण जाणे, देवळाच्या गाभाऱ्यात बसल्यासारखं वाटत होतं.

हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर बाईंची बोटं उघडेनात. ती तशीच आखडून गेली होती. नर्सने एक एक करून ती सोडवली. डॉक्टरांनी नॅपकिन उचलला. जखम उघडी होती, आतलं मांस दिसत होतं, पण रक्त वाहत नव्हतं. "मोठी रक्तवाहिनी वाचली, नशीब," डॉक्टर म्हणाले. "चांगलं दाबून आणलंत. थांबलंय."

"थांबलंय," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी टाके घातले, बालाजीचे सोबती आले, फोनाफोनी झाली. बाई खोलीच्या कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांची साडी पुढून सगळी लाल झाली होती. त्या डॉक्टरांनी बाजूला ठेवलेल्या नॅपकिनकडे बघत होत्या. मला वाटलं, आता हा ताण त्यांना चढणार. मी पाणी दिलं. त्यांनी भांडं हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

परत येताना जीपमध्ये त्या अचानक म्हणाल्या, "आपण चुकीचा फरक शोधायलोत."

"काय, बाई?"

"जखमेची आणि शिरेची, असा फरकच नाही गं. एक थांबलेली असते आणि एक वाढत असते. जखमेचं काम झालं, की गुठळी थांबते. आवरतं घेते. पण हृदयात अडकलेली असते ना, तिला थांबायचं कळतच नाही. तिचं काम चालूच राहतं. ती वाढतच असते." त्यांनी माझा हात धरला. त्यांच्या नखांत बालाजीचं रक्त होतं. "आणि जिथं काम चालू असतं, तिथं कोण असतं?"

मला उत्तर माहीत होतं, कुठल्याही विद्यार्थ्याला माहीत असतं. गुठळीचे धागे विणणारं एक द्रव्य असतं, थ्रॉम्बिन म्हणतात त्याला. विणकाम चालू असेपर्यंतच ते जागं असतं. काम संपलं, की शरीर त्याला लगेच निजवतं.

"थ्रॉम्बिन," मी म्हणाले.

"मग औषधाला कुलूप घालायचं," बाई म्हणाल्या, "आणि किल्ली थ्रॉम्बिनच्या हातात द्यायची."

एसटीतल्या बाईला सांगायचं तर एवढंच. नरसिंह पहिल्यासारखाच सगळ्या गुठळ्यांवर जाऊन बसणार, थांबलेल्यांवरही आणि वाढणाऱ्यांवरही. पण त्याच्या मुठीतलं औषध बंद असणार. ज्या गुठळीत विणकाम चालू आहे, तिथलं थ्रॉम्बिनच ते कुलूप कापणार. थांबलेल्या गुठळीवर तो नुसता बसून राहणार आणि काही न करता विरून जाणार.

सांगायला सोपं. करायला जीव गेला. कुलूप म्हणजे औषधाच्या रेणूच्या साखळीत मधे घातलेला एक बारीकसा तुकडा. पहिला तुकडा एवढा घट्ट बसला, की कुठेच उघडेना. दुसरा आपोआप उघडायचा. बोर्ड मीटिंग आली. आमच्या हातात दाखवण्यासारखं काही नव्हतं. बाई आत गेल्या आणि त्यांनी त्या सगळ्या सुटाबुटातल्या मंडळींना बालाजीची हकीकत सांगितली. जीप, कोंडी, नॅपकिन, सगळी. चहा गार झाला, कुणी उठलं नाही, असं संचालकांनी नंतर सांगितलं. ते म्हणाले, "मी आकडे मागितले होते. त्यांनी गोष्ट सांगितली. आणि मला पहिल्यांदा कळलं, की मी कसली कंपनी काढलीय." मुदत वाढली.

तिसरं कुलूप मी बनवलं, चौथं आणखी कुणी. कोणतं चाललं ते इथे महत्त्वाचं नाही. चाललं. पुन्हा तोच पडदा, तीच मानेतली शीर, तीच आदल्या दिवशीची शेपटीवरची चीर. गुठळीच्या कडा मागे सरकल्या. शीर मोकळी झाली. आम्ही सगळे एकदम शेपटीकडे वळलो. चीर कोरडी होती. बघत राहिलो. कोरडीच होती. शेजारी प्रेसचा दणका बसला, नळ्या किणकिणल्या, तरी कुणी हललं नाही.

बाई पुढे झाल्या. बोटाच्या टोकाने त्यांनी ती खपली लागेल न लागेल अशी चाचपली. मग त्या टेबलाला धरून खाली स्टुलावर बसल्या. मी त्यांना असं दमलेलं कधी पाहिलं नव्हतं. "राहिली गं," त्या म्हणाल्या. मोठ्या गुठळीचं त्यांनी नावही काढलं नाही. जी वाचली, तिच्याबद्दल बोलत होत्या.

संचालकांनी पेढे मागवले. बाईंनी अर्धा खाल्ला आणि आम्हाला बजावलं, "ताज्या जखमेवर हे वाईटच. तिथंही विणकाम चालू असतं. हे जिथं सांगाल तिथं आधी सांगायचं." मग आठवडाभर त्यांनी आमच्याकडून तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करून घेतला, आणि दर वेळी निकाल तोच आला.

पुढे नरसिंह एका मोठ्या कंपनीकडे गेला. पुढची कामं आमच्यासारख्या छोट्या कंपनीला झेपत नाहीत. मीही त्याच्याबरोबर तिकडे गेले, वाकडला राहायला आले. बाईंनाही बोलावणं होतं, मोठ्या खुर्चीचं. त्या गेल्या नाहीत. "त्याला आता माझी गरज नाही," म्हणाल्या. त्या हल्ली घोणस चावलेल्या माणसांच्या रक्तावर काम करतात. ते विष आधी रक्त गोठवतं आणि मग त्याला गोठायचंच विसरायला लावतं. "विसरतं कसं, हे मला कळायला पाहिजे," असं मला फोनवर सांगताना त्यांचा आवाज तसाच होता, पडद्यावर धागा दिसल्यासारखा.

माणसावरच्या पहिल्या चाचणीचा दिवस ठरला, तेव्हा मी त्यांना कळवलं. पुण्यातलं एक चाचणी केंद्र. निरोगी माणसांना आधी अगदी थोडी मात्रा द्यायची आणि डोळ्यांत तेल घालून बघत बसायचं, अशी पहिली पायरी असते. कंपनीकडून मी तिथे होते. बाईंचं तिथे काहीच काम नव्हतं. त्यांना आत सोडण्याची परवानगीही नव्हती. तरी सकाळी मी पोचले, तर त्या कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर बसलेल्या. बसने आल्या होत्या, दोन ठिकाणी बदलून. सुती साडी, तेच बूट. केस मात्र पांढरे झाले होते.

"चहा घेऊ या, बाई?"

"नको."

आत पहिल्या माणसाला औषध सुरू झाल्याचं मला कळलं, ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. मी आतबाहेर करत राहिले. दर वेळी बाहेर आले, की त्या तशाच बसलेल्या, मांडीवर पालथे हात, नजर समोरच्या बंद दारावर. मला सांगावंसं वाटत होतं, की ते दार उघडायच्या आधी आणि नंतरचं जग वेगळं असेल आणि ते तुम्ही केलंत. असलं काही त्यांच्यापुढे बोलता येत नाही. मी शेजारी बसून राहिले.

दुपार कलली तेव्हा दार उघडलं. तरुण डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचा मास्क खाली करत. या कोण, हे त्यांना कुणीतरी सांगितलं असावं, कारण ते सरळ बाईंसमोर येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात सगळे आकडे तयार होते. नाडी, रक्तदाब, गोठण्याचा वेळ. मी मनातल्या मनात बाईंचे प्रश्न मोजत होते. त्या आधी काय विचारतील, मग काय विचारतील.

बाई उठून उभ्या राहिल्या.

"जेवला का तो?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर गोंधळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा बाईंकडे. "आता दिलंय, मॅडम. कालपासून उपाशीच होता, नियमाप्रमाणे. पोहे दिलेत."

"खायलाय?"

"हो. मजेत आहे. म्हणतोय, लिंबू नाही का."

बाईंचा चेहरा हलला. इतक्या वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता. डोळे भरून आले, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"मग द्या की हो," त्या म्हणाल्या. "लिंबू द्या त्याला."